वीजवाहिन्यांलगतची वृक्षछाटणी आणि कंत्राटी कामगारांचे स्थैर्य : अमेरिकेतील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये पाच डॉलर रोजाची घोषणा केली, त्यामागे कामगारांची प्रचंड गळती रोखणे हे एक प्रमुख कारण होते. कारखान्याबाहेर विखुरलेल्या कंत्राटी कामगारांबाबत मात्र असा विचार फार उशिरा झाला. अमेरिकेत वीजवाहिन्यांलगतची झाडे छाटणारे कामगार हे त्याचे बोलके उदाहरण होय.

कंत्राटी पद्धतीचे स्वरूप :
पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅस्प्लंड बंधूंनी १९२८ मध्ये वृक्षछाटणीचा व्यवसाय सुरू केला. पुढे वीज कंपन्यांनी हे काम स्वतःच्या सेवकवर्गाऐवजी कंत्राटदारांकडे सोपविण्याची पद्धत रूढ झाली. लाइनमन आणि छाटणी कामगार हे दोघेही एकाच वाहिनीजवळ जीव धोक्यात घालून काम करीत. तथापि वेतनात मोठी तफावत होती. त्यामुळे अनुभवी कामगार अधिक वेतनाच्या कामाकडे वळणे स्वाभाविक होते. कोणते झाड किती वेगाने वाढते, तोडलेली फांदी कोठे पडेल, हे ज्ञान प्रत्यक्ष कामातूनच येते व कामगाराबरोबरच निघून जाते.

कायद्याची वाटचाल :
१४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायोत उच्चदाब वाहिन्यांचा झाडांशी संपर्क आला. त्यातून वाढत गेलेल्या बिघाडामुळे अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात बुडाले. अपुरी वृक्षछाटणी हे त्याचे एक कारण ठरले. २००७ पासून पारेषण वाहिन्यांलगतच्या वृक्षव्यवस्थापनाची मानके बंधनकारक झाली. त्यांत अंतर मोजले गेले, दंडही ठरला. परंतु छाटणाऱ्या माणसाचे वेतन व स्थैर्य हे विषय बाहेरच राहिले.

ऑक्टोबर २०१७ मधील उत्तर कॅलिफोर्नियातील अनेक वणवे वाहिन्या व झाडे यांच्या संपर्कातून पेटल्याचे तपासात आढळले. छाटणीचे काम वाढले आणि प्रशिक्षित हातांचा तुटवडा जाणवू लागला. या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने सिनेट विधेयक २४७ संमत केले. वीजवाहिन्यांलगत छाटणी करणाऱ्या पात्र कामगारास पहिल्या टप्प्यातील शिकाऊ लाइनमनच्या प्रचलित दरापेक्षा कमी वेतन देता येणार नाही, अशी तरतूद त्यात करण्यात आली.

निष्कर्ष :
सुरक्षिततेचा प्रश्न अखेर वेतनाच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचला, हे या इतिहासाचे सार होय. तथापि ही तुलना शिकाऊ उमेदवाराच्या पहिल्या पायरीशीच आहे. वर्षानुवर्षांच्या अनुभवाला वेतनात स्थान मिळाल्याखेरीज कुशल कामगार या व्यवसायात टिकणे कठीण आहे.