खेल्ल्याच्या बियांपासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंत

इजिप्तमध्ये खेल्ला नावाचं एक रोप उगवतं. ते ओवा-कोथिंबिरीच्या कुळातलं. त्याच्या वाळलेल्या फुलोऱ्याच्या काड्यांनी तिथले लोक दात कोरत आणि बियांचा काढा मुतखड्याच्या कळांवर घेत. कळ ओसरे, कारण बियांतलं खेलिन हे द्रव्य मूत्रनलिकेचे आवळलेले स्नायू सैल करतं. कैरोतले शरीरशास्त्रज्ञ ग्लेब आन्रेप यांनी १९४० च्या दशकात खेलिनचा अभ्यास केला. हृदयाच्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिकाही त्याने सैलावतात, असं त्यातून पुढे आलं. साहजिकच दम्यासाठी त्याच्याकडे पाहिलं जाऊ लागलं. पण ते पाण्यात धड विरघळेना आणि घेणाऱ्याला मळमळू लागे.

तेव्हा इंग्लंडमधल्या बेंगर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी खेलिनच्या घडणीचे नवे रेणू बनवायला घेतले. ते तपासणारे डॉ. रॉजर अल्टून्यान अलेप्पोत इस्पितळ चालवणाऱ्या आर्मेनियन डॉक्टरांच्या घराण्यातले. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते आणि स्वतः दमेकरीही. प्राण्यांवरच्या चाचण्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. प्राण्याला माणसासारखा दमा कुठे असतो? त्यांना गिनीपिगच्या केसाकोंड्याची अ‍ॅलर्जी होती. त्याचा अर्क ते स्वतःच श्वासावाटे घेत, धाप लागली की श्वासाचा जोर किती घटला ते मोजत. दुसऱ्या खेपेला आधी नवा रेणू घ्यायचा, मग तोच अर्क, आणि फरक टिपायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं.

यातून एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. काही रेणूंमध्ये श्वासनलिका सैल करण्याचा मूळ गुण उरलाच नव्हता, तरी ते आधी घेतले की दम्याचा झटका सौम्य होई. १९६५ मध्ये तयार झालेलं सोडियम क्रोमोग्लायकेट यांत सरस ठरलं. अ‍ॅलर्जीत शरीरातल्या मास्ट पेशी हिस्टामिन वगैरे द्रव्यं बाहेर टाकतात. हे औषध त्यांना आवरतं, असा उलगडा झाला. गिळलं तर ते फारसं शोषलं जात नाही. म्हणून श्वासाबरोबर पूड आत नेणारं, इवल्या पंख्याचं उपकरण अल्टून्यान यांच्या सहभागाने घडलं. १९६७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि पुढच्या वर्षी 'इंटाल' नावाने औषध बाजारात उतरलं.

बियांच्या काढ्यात हे औषध नव्हतंच. काढ्याने फक्त दिशा दाखवली. नेमका आजार असलेल्या माणसावर, आधी आणि नंतर मोजमाप घेऊन चाचणी झाली, म्हणून ते सापडलं. दम्यासाठी आज ते क्वचितच दिलं जातं, पण अ‍ॅलर्जीने खाजणाऱ्या डोळ्यांसाठी त्याचे थेंब अजून मिळतात. डॉक्टरांनी ते लिहून दिले, तर खाज सुटण्याची वाट न पाहता सांगितल्या वेळी नेमाने घाला. हे औषध त्रास सुरू होण्याआधी घेतलं, तरच पुरतं लागू पडतं.