एक यंत्र, किती धनी?

अँड्रॉइड फोन आपण एकटेच वापरतो, असं आपल्याला वाटतं. फोनचा हिशेब वेगळा आहे. त्याच्या पोटातलं लिनक्स प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता समजतं. व्हॉट्सॲप हा एक इसम, बँकेचं ॲप दुसरा, नकाशे दाखवणारं तिसरा. प्रत्येकाला १०,००० पासून पुढचा एक क्रमांक मिळतो, स्वतःची खोली मिळते, आणि एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचं नाही असा दंडक असतो. फोन अडला की आपण परवानगी देतो, कॅशे पुसतो, डेटा पुसतो, ॲप काढून पुन्हा टाकतो. हे सगळे या चाळीच्या कारभारातलेच उद्योग. खिशातल्या यंत्रात ही चाळ वसली कशी, हे कळायला त्याचं कूळ पाहावं लागतं.

मूळपुरुष म्हणजे युनिक्स. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते लिहायला घेतलं. माणशी एक संगणक ही चैन तेव्हा कुणाला परवडत नव्हती. यंत्र एक आणि त्याला जोडून बसणारे अनेक, ही रीत. मग भांडणं नकोत म्हणून प्रत्येकाला नाव, परवलीचा शब्द आणि स्वतःची जागा. प्रत्येक फाइलला धनी, आणि ती कुणी वाचावी, कुणी बदलावी, कुणी चालवावी याचे नियम. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिलं ते घरच्या, एकट्याने वापरायच्या संगणकावर. घराण्याची शिस्त मात्र त्याने तशीच ठेवली. लिनक्सचा सांगाडा सगळ्यांना पाहायला आणि बदलायला खुला होता. थोड्या विजेवर चालणाऱ्या लहान चिपा आल्या, तसं ते दशक संपता संपता तळहातावरही उतरलं.

या घराण्याची पहिली भारतीय पाती बंगळूरची. १९९९ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन, व्ही. विनय आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे यांच्यासारख्या मंडळींनी सिम्प्युटर ट्रस्ट काढला. २००१ मध्ये त्यांनी सिम्प्युटर जगापुढे ठेवला. तळहाताएवढं यंत्र, स्पर्शाने चालणारा ३२० बाय २४० ठिपक्यांचा पडदा, टोचायला एक काडी, आत स्ट्राँगआर्म जातीची चिप आणि लिनक्स. लिनक्सला परवाना शुल्क नव्हतं आणि भारतीय भाषांसाठी ते हवं तसं वळवता येत होतं. हरिहरन यांच्या ‘ध्वनी’ या प्रणालीमुळे यंत्र मजकूर बोलून दाखवी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही ते वापरता यावं.

किंमत नऊ हजारांच्या आसपास ठेवायचा मानस होता. खेड्यातल्या माणसाला तेवढेही परवडायचे नाहीत, हे ट्रस्टच्या लोकांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जुनीच रीत नव्याने वापरली. यंत्र गावाने मिळून घ्यायचं किंवा भाड्याने द्यायचं, आणि प्रत्येकाकडे स्वतःचं स्मार्ट कार्ड. कार्ड खाचेत घातलं की यंत्र तुमचं, काढलं की पुढच्याचं. बेल लॅब्जमधली वाटणी पुन्हा मांडली होती, फक्त टर्मिनलची जागा कार्डाने घेतली होती.

२००४ मध्ये पिकोपेटा या कंपनीचा ‘अमिडा’ सिम्प्युटर बाजारात आला. साध्या नमुन्याची किंमत ९,९५० रुपये. त्यात हालचाल ओळखणारा संवेदक होता. यंत्राला हिसका दिला की पान उलटे. कर्नाटकात जमिनीच्या नोंदी गोळा करायला सिम्प्युटर वापरला गेला, वाहतूक पोलिसांच्या हातात गेला, खाणीतून निघालेलं लोहखनिज जहाजापर्यंत कसं जातं याची नोंद त्यावर झाली. पण ५०,००० यंत्रं विकायची म्हणत २००५ पर्यंत चारेक हजारच खपली. मोबाइलवर इनकमिंग एव्हाना फुकट झालं होतं, आणि नऊ-दहा हजार घालायचे तर बोलता येईल असं काहीतरी लोकांना हवं होतं. पुढे मुंबईच्या जिओडेसिक कंपनीने पिकोपेटा विकत घेतली.

दुसरी पाती थेट रायगड जिल्ह्यात आली. अमेरिकेतल्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये खैरात या छोट्या गावातल्या, विसेक मुलांच्या एकशिक्षकी शाळेत झाला. मुलामागे एक लॅपटॉप ही तिची योजना केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्या वर्षीच नाकारली होती. मुलांना मिळालेल्या एक्सओ नावाच्या लॅपटॉपमध्ये लिनक्सचा फेडोरा अवतार, पडदा साडेसात इंची आणि उन्हातही वाचता येणारा. झाकण फिरवून उलटं बसवलं की हातात धरून पुस्तकासारखं वाचता येई. इथली नीती सिम्प्युटरच्या उलट होती. यंत्र गावाचं नाही, शाळेचंही नाही. ज्या त्या मुलाचं. शंभर डॉलरला द्यायचं म्हणत ते १८० डॉलरच्या वर गेलं, तो भाग वेगळा.

एक मूल आणि एक यंत्र म्हटल्यावर चाळीची शिस्त टाकून देता आली असती. एक्सओच्या कर्त्यांनी तिचा मालक बदलला. मुलं एकमेकांकडून काहीही घेऊन चालवणार, त्यात एखादा उपद्रवी प्रोग्रॅम आला तर? त्यांनी प्रत्येक प्रोग्रॅमला लिनक्सचा स्वतंत्र वापरकर्ता करून टाकलं. खोल्या त्याच, भाडेकरू मात्र माणसांऐवजी प्रोग्रॅम.

एक्सओच्या दुरुस्त्याही मुलांच्या हातातल्या होत्या. बोट फिरवायची पट्टी वेड्यासारखी वागू लागली की कळफलकाच्या चार कोपऱ्यांतली चार बटणं एकदम दाबायची. पट्टी नव्याने ताळ्यावर येई. चालू प्रोग्रॅम कसा लिहिलाय ते उघडून दाखवण्यासाठीही एक बटण ठेवलेलं होतं. ते बटण पुढच्या कुठल्याही फोनवर आलं नाही.

२००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन विकायला आला. गूगलने लिनक्सचा गाभा घेतला आणि ॲपागणिक वापरकर्ता हीच पद्धत राबवली. लिनक्सची पाटी कुठेच नव्हती, आज्ञा लिहायची काळी खिडकी लपवलेली होती, आणि साऱ्या चाळीची किल्ली ज्याच्याकडे असते तो ‘रूट’ ग्राहकाच्या वाट्याला आला नाही. देवनागरी तर सुरुवातीला चौकोन होऊनच दिसे. ती नीट दिसू लागली ती २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून, ‘लोहित’ या अक्षरवळणातून. रेड हॅट कंपनीने मुक्त केलेल्या या वळणाची निगा पुण्याच्या कचेरीत राखली जात होती. पुढच्याच वर्षी आयआयटी मुंबईत ‘आकाश’ या विद्यार्थ्यांसाठीच्या अँड्रॉइड टॅबलेटवर काम करणाऱ्यांनी मेमरी कार्डावरून पूर्ण लिनक्स सुरू करायची सोय केली. कार्ड घातलं की विद्यार्थ्याला काळी खिडकी मिळे, काढलं की पुन्हा अँड्रॉइड. थोडे दिवस का होईना, लपवलेला वडीलधारा दर्शन देऊन गेला.

सिम्प्युटरने कर्नाटकात जमिनीच्या नोंदींचं जे काम करून पाहिलं, तशाच कामाला आता रायगडातल्या रोह्यातला फोन लागला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून पिकांची नोंद, महाराष्ट्रभर सुरू झाली. सातबाऱ्यातला बारा, म्हणजे गाव नमुना १२, पूर्वी तलाठी भरायचा. आता शेतकरी आपल्या बांधावर उभा राहून खरिपाचा भात आणि त्यामागून पेरलेला वाल स्वतः नोंदवतो, पिकाचा फोटो काढतो. ज्यांच्याकडे असा फोन नाही त्यांच्यासाठी सरकारने सुरुवातीला एका फोनवरून वीस खातेदारांपर्यंत नोंदणीची सोय ठेवली. एखाद्या वाडीत एकाचा मुलगा सगळ्यांची पाहणी करून देतो, आणि यंत्र पुन्हा गावाचं होतं.

लिनक्सला मात्र हे ठाऊक नाही. त्याच्या लेखी पीक पाहणीचं ॲप हा एकच वापरकर्ता. सिम्प्युटरच्या कार्डाने माणसागणिक खाती वेगळी ठेवली असती. इथे सगळ्यांचा भात एकाच खोलीत भरलेला असतो. डोंगराआड रेंज नसली की नोंद आणि फोटो त्याच खोलीत थांबतात आणि रेंजमध्ये आल्यावर वर जातात. मधल्या वेळेत ॲप अडकलं आणि कुणी सल्ला दिला, ‘डेटा पुसून टाक, सुटेल’, तर ॲप सुटतं खरं. पण अपलोड न झालेल्या सगळ्यांच्या नोंदी त्याच बोटासरशी जातात. ॲप काढून पुन्हा टाकणं म्हणजेही तेच.

म्हणून उपायांचा क्रम या घराण्याच्या रीतीने लावावा. आधी परवानग्या पाहाव्यात: लोकेशन आणि कॅमेरा ॲपला दिलाय का. नसेल तर बिघाड नाही, दारच बंद आहे. मग लोकेशन चालू आहे का आणि तारीख-वेळ आपोआप घ्यायला लावली आहे का ते बघावं. साठवण भरली असेल तर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ काढून जागा करावी. फोटो काढून परत येताच ॲप पहिल्या पानावर गेलं, तर बहुधा मेमरी कमी पडल्याने यंत्रणेने त्याला उठवून लावलेलं असतं; बाकीची ॲप बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. त्यानंतर कॅशे पुसावी. कॅशे ही पुन्हा आणता येणारी सामग्री, ती गेली तरी नोंद राहते. फोन बंद करून चालू करण्यानेही काही जात नाही. डेटा पुसणं अगदी शेवटी, आणि तेही रोहा गावात किंवा जिथे रेंज असेल तिथे येऊन सगळ्यांच्या नोंदी वर गेल्याची खात्री झाल्यावरच.

आणखी एक सोय बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये आहे, फार कुणी उघडत नाही. सेटिंगमध्ये ‘मल्टिपल युझर्स’ असा पर्याय सापडला, तर घरातल्या दुसऱ्या माणसासाठी वेगळं खातं उघडता येतं. त्याची ॲप वेगळी, फोटो वेगळे. काही कंपन्या तो लपवतात. पण जिथे तो आहे, तिथे एका फोनवर बाप, सून आणि शाळकरी नात आपापला कारभार एकमेकांच्या नोंदींना धक्का न लावता चालवू शकतात. त्यासाठी नवं काहीच शोधावं लागत नाही. ही वाटणी युनिक्सने पन्नास वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.