‘सगळं मान्य’ : एका बटणाची गोष्ट



मे 2018 आठवतोय का? युरोपात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये ‘आम्ही आमचं गोपनीयता धोरण बदललं आहे’ अशा मेलचा पूर आला होता. कधीतरी एकदाच बूट घेतलेलं दुकान, केकची रेसिपी बघायला नाव नोंदवलेली साइट, सगळ्यांना अचानक आपली आठवण झाली होती. 25 मेपासून युरोपीय संघाचा जीडीपीआर हा कायदा लागू होणार होता. मी इथे आयर्लंडमध्ये सीए म्हणून काम करते. आमच्याकडे त्या आठवड्यात अगदी 31 मार्चसारखं वातावरण होतं.

घरी मात्र मी ते सगळे मेल न वाचता डिलीट केले. परवा माझ्या तेरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, “आई, माझे लहानपणीचे फोटो तू टाकलेस, तेव्हा मला विचारलं होतंस का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून या ‘विचारण्या’चा इतिहास नीट बघायला बसले. तो तुमच्यासमोर ठेवते.

सुरुवात कॉम्प्युटरच्या खूप आधी होते. युद्धापूर्वी नेदरलँड्समध्ये नागरिकांच्या नोंदी फार नीटनेटक्या ठेवल्या जात. नाव, पत्ता, धर्म, सगळं कार्डावर. हेतू चांगलाच होता, कारभार सुरळीत चालावा. मग 1940 मध्ये नाझी आले आणि तीच कार्डं ज्यू कुटुंबांना शोधून काढायला वापरली गेली. 27 मार्च 1943 च्या रात्री विलेम अरोन्देउस नावाचा चित्रकार आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या वेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी ती कार्डं स्फोटकं लावून पेटवली. सगळी जळाली नाहीत. अरोन्देउससह बाराजणांना गोळ्या घातल्या गेल्या.

चांगल्या हेतूनं गोळा केलेली माहिती उद्या कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही, हे युरोपनं असं शिकलं. जर्मनीच्या हेसेन राज्यानं 1970 मध्ये जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा केला. 1973 मध्ये स्वीडननं देशपातळीवर केला. 1983 मध्ये पश्चिम जर्मनीत जनगणनेविरुद्ध लोक कोर्टात गेले आणि डिसेंबरमध्ये तिथल्या घटनापीठानं निकाल दिला: आपल्याबद्दलची माहिती कोणी आणि कशासाठी वापरायची, हे ठरवण्याचा हक्क मुळात माणसाचा स्वतःचा आहे. जनगणना लांबली ती थेट 1987 पर्यंत.

मग इंटरनेट आलं. 1994 मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली या इंजिनिअरनं ‘कुकी’ तयार केली. कुकी म्हणजे साइटनं तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी चिठ्ठी, तुम्ही परत आलात की ओळखायला. तुमच्या टोपलीत काय आहे हे दुकानाला लक्षात राहावं, इतकाच साधा उपयोग. पण लवकरच जाहिरात कंपन्या त्याच चिठ्ठीनं आपल्याला साइटमागून साइट ओळखू लागल्या. युरोपनं 1995 मध्ये डेटा संरक्षणाचे समान नियम आणले, 2009 मध्ये कुकीसाठी आधी परवानगी घ्या असं सांगितलं. साइट्सनी पानाच्या तळाशी एक पट्टी लावली: ‘ही साइट वापरताय म्हणजे तुम्हाला कुकी मान्य आहेत.’ झालं! पाहुणा दारात उभा राहिला म्हणजे जेवायला बसलाच, असा तो हिशेब.

जीडीपीआरनं हे बदललं. 2016 मध्ये मंजूर, तयारीला दोन वर्षं. संमती स्पष्ट हवी, दिली तितक्याच सहज मागे घेता यायला हवी. आणि दंड? 2 कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या 4 टक्के, जे जास्त असेल ते. नफ्याच्या नव्हे, उलाढालीच्या! तुमच्या ओळखीतल्या कुठल्याही सीएला विचारा, हा आकडा ऐकून संचालक मंडळ खुर्चीत ताठ बसतं.

साइट्सनी काय केलं? काहींनी दारच लावून घेतलं. 25 मेला लॉस एंजेलिस टाइम्स आणि शिकागो ट्रिब्यून युरोपातून उघडेनात. यूएसए टुडेनं युरोपसाठी वेगळी आवृत्ती काढली, जवळपास सगळे ट्रॅकर काढून टाकलेली. ते पान इतकं झटकन उघडायचं की एरवी आपण कशाचं ओझं वाहतो ते तेव्हा दिसलं. वॉशिंग्टन पोस्टनं जाहिरात आणि पाळत नसलेलं वर्गणीपत्र काढलं, अर्थात जास्त किमतीला. माझ्या मते तोच सगळ्यात प्रामाणिक ताळेबंद होता. ‘फुकट’चा भाव पहिल्यांदा आकड्यात लिहिला गेला.

बाकीच्यांनी कायद्याचा शब्द पाळला, अर्थ टाळला. ‘सगळं मान्य’ हे मोठं रंगीत बटण, आणि नकार मात्र तीन पानं आत, फिक्या अक्षरात. काहींनी टिक आधीच करून ठेवली. युरोपीय न्यायालयानं 1 ऑक्टोबर 2019 ला सांगितलं, आधीच केलेली टिक म्हणजे संमती नव्हे. जानेवारी 2022 मध्ये फ्रान्सच्या नियामकानं गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरो दंड केला, कारण होकार एका क्लिकमध्ये आणि नकाराला मात्र अनेक क्लिक. त्यानंतर काही महिन्यांत गूगलच्या बॅनरवर ‘सगळं नाकारा’ हे बटण आलं. म्हणजे आज जे बटण आपण सहज दाबतो, त्यामागे निकाल आणि दंड आहेत.

आता मुलांकडे येऊ. सप्टेंबर 2022 मध्ये इथल्या आयरिश नियामकानं इन्स्टाग्रामला 40 कोटी 50 लाख युरो दंड केला. 13 ते 17 वयाची मुलं बिझनेस अकाउंट उघडत होती आणि त्यांचे फोन नंबर, ईमेल जगाला दिसू शकत होते. पुढच्या सप्टेंबरमध्ये टिकटॉकला 34 कोटी 50 लाख. मुख्य आक्षेप: मुलांची खाती मुळातच ‘सार्वजनिक’ ठेवलेली होती. कोणी न बदललेली सेटिंग हाच खरा निर्णय असतो, आणि तो कंपनीनं घेतलेला असतो.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हा कायदा पासपोर्ट बघत नाही. तुम्ही युरोपीय संघात राहता, एवढं पुरे. ब्रिटननं बाहेर पडल्यावरही जवळपास तोच कायदा स्वतःचा म्हणून ठेवला. मुलानं स्वतः संमती देण्याचं वय आयर्लंड, जर्मनीत 16, फ्रान्समध्ये 15, ब्रिटनमध्ये 13. भारताच्या 2023 च्या कायद्यात 18 पर्यंत पालकांची संमती आहे. म्हणजे डब्लिनची ताई, लंडनचा मामेभाऊ आणि पुण्याची आतेबहीण एकाच अ‍ॅपवर खेळत असतील, तरी तिघांचे नियम वेगळे. तुमच्याबद्दल काय माहिती ठेवली आहे, हे कंपनीला लेखी विचारा. साधारण एका महिन्यात, फुकट, उत्तर द्यावं लागतं. एकदा मुलांबरोबर बसून हे करून बघा, धड्यापेक्षा जास्त कळतं.

आणि एक कलम मला बोचलं. घरगुती, वैयक्तिक वापराला हा कायदा लागू होत नाही. कंपनीनं विचारायचं, असं कायदा सांगतो. आईनं विचारायचं, हे कुठलंच कलम सांगत नाही. ते आपलं आपणच ठरवायचं.

मी मुलीला बसवून जुना अल्बम उघडला. तिनं अकरा फोटो काढायला सांगितले, गणपतीतला नऊवारीतला मात्र ‘राहू दे’ म्हणाली. तिच्या हातात दोन्ही बटणं होती, एकाच आकाराची. तुम्ही आपल्या मुलांना कधी विचारलंत?