झीज कुणाच्या वाट्याला? प्लग गेजपासून मेमरी कार्डापर्यंत

भोसरी किंवा चाकणच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये क्यू.सी.च्या टेबलावर एक साधे अवजार हमखास दिसते. मध्ये धरायला मूठ आणि दोन्ही टोकांना घासून आरशासारखे केलेले पोलादी दंडगोल. एका टोकावर ‘गो’ कोरलेले, दुसऱ्यावर ‘नो-गो’. यंत्रावरून उतरलेल्या भागाच्या छिद्रात ‘गो’ टोक सहज शिरले आणि ‘नो-गो’ अडले, की माप बरोबर. प्लग गेज नावाच्या या अवजाराचे सारे आयुष्य आत जाण्यात आणि बाहेर येण्यात सरते. डिजिटल कॅमेऱ्यातील मेमरी कार्डाचेही तसेच.

लग्नसराईत पिंपरीपासून राजगुरुनगरपर्यंतच्या मंगल कार्यालयांत धावणाऱ्या छायाचित्रकाराला एक शंका वर्षानुवर्षे छळत आली आहे. कार्ड सारखे काढले-घातले तर कॅमेऱ्याचा स्लॉट झिजतो का? कार्ड आतच ठेवून केबलने फोटो उतरवून घेणे शहाणपणाचे का? शंका क्षुल्लक नाही. सप्तपदी दुसऱ्यांदा घेता येत नाही, आणि ऐन मुहूर्तावर कॅमेऱ्याने ‘कार्ड नाही’ असे दाखवले तर हंगामाची कमाईच नव्हे, नावही जाते.

ही शंका मात्र कॅमेऱ्याहून जुनी आहे. तिचे उत्तर शोधताना आधी त्या प्लग गेजकडेच परतावे लागते.

‘गो’ आणि ‘नो-गो’ गेजांचा जो नियम आयटीआय आणि डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना ‘टेलरचे तत्त्व’ म्हणून शिकवला जातो, तो १९०५ साली इंग्लंडमधील लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी मांडला. टेलर हे टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपनीचे एक संस्थापक. आणि ही कंपनी प्रसिद्ध होती ती कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी. म्हणजे भोसरीच्या टूलरूममधील नियमाचा उगम भिंगांच्या कारखान्यात आहे!

गेज बनवणाऱ्यांना एक गोष्ट लवकरच कळून चुकली. ‘गो’ टोक प्रत्येक चांगल्या भागात शिरते, म्हणून रोज थोडे झिजते. झिजून बारीक झाले की लहान पडलेल्या छिद्रातही ते शिरू लागते आणि सदोष भाग पास होतात. उपाय असा, की नवे ‘गो’ टोक मुद्दाम किंचित जाड ठेवायचे. ही जादा जाडी म्हणजे झिजेसाठी आधीच काढून ठेवलेली शिल्लक. ‘नो-गो’ टोकाला सहसा अशी शिल्लक ठेवत नाहीत, कारण ते आत जातच नाही. झीज टळत नाही. ती कुठे होणार आणि किती होणार, एवढेच आधी ठरवता येते.

दुसरा धडा बुशचा. १८३९ साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट यांनी मऊ धातूचे अस्तर असलेल्या बेअरिंगचे पेटंट घेतले. फिरणारा शाफ्ट कठीण आणि महाग. त्याला आधार देणारे अस्तर मऊ आणि स्वस्त. घर्षणात झिजायचे ते अस्तराने. ‘बुश गेला’ म्हणून मेकॅनिक नवा बुश ठोकतो आणि शाफ्ट वाचतो, त्यामागे हाच न्याय आहे.

तिसरा धडा मोजणीचा. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर मोठे कारखाने उभे राहिले. टेल्को आली, बजाज आली आणि चिंचवडला स्वीडनच्या एसकेएफ कंपनीचा बेअरिंगचा कारखाना आला. याच एसकेएफमधील आर्व्हिड पाल्मग्रेन यांनी १९२४ पासून बेअरिंगच्या आयुष्याचे गणित मांडायला सुरुवात केली होती आणि १९४७ साली गुस्ताफ लुंडबर्ग यांच्यासह त्याला पक्के रूप दिले. त्यांनी एकेका बेअरिंगचे भविष्य सांगितले नाही. एकाच जातीच्या शंभरपैकी नव्वद बेअरिंग किती फेरे पूर्ण करतील, एवढाच आकडा दिला. उरलेली दहा त्याआधीच जाऊ शकतात. माहितीपत्रकातला आयुष्याचा आकडा वाचताना हे विसरले की निराशा ठरलेली.

आता यंत्राकडून विजेकडे. १९३२ साली शिकागोत आर्थर श्मिट यांनी अमेरिकन फिनॉलिक नावाची कंपनी काढली आणि रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी सॉकेट बनवायला घेतले. व्हॉल्व्ह जळायचा, उपटायचा, नवा खोचायचा. म्हणून ते सॉकेट. त्याच कंपनीचे आजचे नाव ॲम्फेनॉल, आणि तिचा एक कारखाना भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. विमाने आणि लष्करी उपकरणे यांत लागणाऱ्या गोल कनेक्टरांच्या जगात ‘किती वेळा जोडला-सोडवला तरी चालेल’ हा आकडा मानकातच लिहिलेला असतो. ३८९९९ क्रमांकाच्या प्रसिद्ध अमेरिकी लष्करी मानकात नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या कनेक्टरासाठी तो आहे ५००. लढाऊ विमानातील कनेक्टर पाचशेचा आणि लग्नातील कॅमेऱ्याचा स्लॉट दहा हजारांचा, हे ऐकून दचकायला होते. पण विमानातला कनेक्टर एकदा घट्ट बसला की वर्षानुवर्षे कंपने, पाणी आणि उष्णता सोसण्यासाठी असतो. त्याची परीक्षाच वेगळी.

चाचणीच्या टेबलावर मात्र हाच कनेक्टर दिवसातून कित्येकदा जोडावा लागतो. तेव्हा तंत्रज्ञ मध्ये एक आखूड, बदलता येणारा तुकडा लावतात. त्याला ‘कनेक्टर सेव्हर’ म्हणतात. झिजायचे ते त्याने. बॅबिटचा बुशच तो, विजेच्या वेषात.

दोन धातू एकमेकांना टेकले की नेमके काय घडते, हे बर्लिनमध्ये सीमेन्समध्ये संशोधन करणाऱ्या राग्नार होल्म यांनी उलगडले. (पुन्हा स्वीडिश माणूस! झिजेच्या शास्त्रात ही मंडळी वारंवार भेटतात.) त्यांनी दाखवले की गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग खरोखर फार थोड्या बिंदूंवर टेकतात. दोन किसण्या तोंडाला तोंड लावून धरल्या तर टोकांना टोकेच लागतात, तसे. सारी वीज त्या इवल्या बिंदूंतून वाहते. तिथे गंज, तेल किंवा धूळ आली की प्रवाह अडखळतो. पुढे १९५३ साली जॉन आर्चर्ड यांनी झिजेचे सूत्र मांडले: दाब वाढला आणि घसटण्याचे अंतर वाढले तर झीज वाढते, पृष्ठभाग कठीण असला तर कमी होते.

म्हणून संपर्काच्या पट्ट्यांवर सोने चढवतात; ते गंजत नाही. पण शुद्ध सोने मऊ. दागिन्यासाठी सराफ त्यात तांबे मिसळतो, तसा इथे किंचित कोबाल्ट मिसळतात आणि खाली निकेलचा टणक थर देतात. हा सोन्याचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. कार्ड आत सरकताना स्लॉटमधील स्प्रिंग त्या सोन्यावरून घासत जाते. ही घसट झीज करते हे खरे, पण तीच घसट मळही पुसून काढते. अजिबात घसटू न देणारा जोड लवकर मळतो.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून कॅमेऱ्याच्या कार्डांचा इतिहास वाचला, तर तो साठवणक्षमतेचा उरत नाही, झीज इकडून तिकडे सरकवण्याचा होतो.

१९८८ साली फुजीने दाखवलेल्या डीएस-१पी या कॅमेऱ्यात काढता येणारे मेमरी कार्ड होते. रीळ नाही, ही त्या काळी चमत्काराची गोष्ट होती. १९९४ साली सॅनडिस्कने कॉम्पॅक्टफ्लॅश आणले. लॅपटॉपमधील ६८ सुयांच्या जाडजूड पीसी कार्डाचा हा धाकटा भाऊ. याच्या सुया ५०. या सुया कार्डात नव्हत्या. कार्डात पन्नास छिद्रे आणि कॅमेऱ्याच्या पोटात पन्नास बारीक सुया, अशी ती मांडणी होती. म्हणजे नाजूक भाग महागड्या बाजूला. बुशचा न्याय इथे उलटा झाला होता. कार्ड तिरके रेटले, त्याच्या छिद्रात कचरा असला, की एखादी सुई वाकायची आणि कार्ड शाबूत राहून कॅमेरा दुरुस्तीला जायचा.

१९९५ साली तोशिबाच्या स्मार्टमीडियाने सुया काढून टाकल्या. जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचे कार्ड आणि त्यावर उघडे सोनेरी पट्टे. वाकायला काही नाही, पण बोट लागले की घामाचा ठसा थेट सोन्यावर. १९९९ साली मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी एसडी कार्ड जाहीर केले. त्यात नऊ पट्टे किंचित खोल बसवले आणि मधोमध प्लास्टिकच्या बारीक वरंब्या ठेवल्या. बोटांपासून रक्षण झाले. स्प्रिंगा कॅमेऱ्यातच राहिल्या, पण त्या सुयांसारख्या सरळ समोर उभ्या नसून पट्ट्यांवर आडव्या दबतात. वरंब्या मात्र कालांतराने तुटतात, आणि तुटलेला तुकडा स्लॉटमध्ये अडकला तर स्प्रिंग वाकू शकते. झीज कार्डाची, भुर्दंड कॅमेऱ्याला.

दोन्ही प्रकारांत ठरवलेला आकडा दहा हजार वेळांचा. तो पुरतो का, हे हिशेबानेच पाहिलेले बरे. २००८ साली आलेला कॅननचा ५डी मार्क २ हा कॉम्पॅक्टफ्लॅशचा कॅमेरा आपल्याकडच्या लग्नांत पुष्कळ वापरला गेला. त्याच्या शटरचे घोषित आयुष्य होते दीड लाख फोटो. एका लग्नात हजार फोटो धरले तर दीडशे लग्नांत शटर त्या मर्यादेला पोहोचते. दर लग्नात चार वेळा कार्ड बदलले असे धरले, तर तोवर स्लॉटने पाहिलेल्या अदलाबदली होतात अवघ्या सहाशे. दहा हजारांच्या सहा टक्के! शटर दोनदा-तीनदा बदलले तरी स्लॉटची शिल्लक संपत नाही. निव्वळ काढण्या-घालण्याने स्लॉट झिजून गेला, अशी वेळ व्यवसायातही क्वचितच यावी.

मग स्लॉट बिघडतात ते कशाने? घाईने. हळदीच्या पुडीने, अक्षतांच्या कण्यांनी, पावसाळ्यातल्या दमट बॅगेने. आणि पुष्कळदा स्लॉट बिघडलेलाच नसतो: लिहिणे चालू असताना, लाल दिवा विझण्याआधी कार्ड उपसले, की आतली नोंदवही विस्कटते आणि दोष मात्र झिजेवर जातो. शिवाय कार्डाच्या पोटात निराळी झीज चालू असते. फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात तोशिबात शोधलेल्या फ्लॅश मेमरीतील पेशी प्रत्येक लिहिण्या-पुसण्यागणिक थोडी थकते. तिचा स्लॉटशी संबंध नाही.

एक घरगुती इलाजही इथे नोंदवायला हवा. संगणकाच्या दुकानात रॅमचे पट्टे खोडरबराने घासून स्वच्छ करतात. तोच प्रयोग कार्डावर होतो. मळ निघतो आणि त्याबरोबर मायक्रॉनभरही नसलेले सोनेही. हजारो वेळा सरकून जे झाले नसते, ते रबराच्या काही फटकाऱ्यांत होऊ शकते.

केबलचा मार्गही वाटतो तितका निर्धोक नाही. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत मिनी-यूएसबीचे पोर्ट असे, आणि त्याचा ठरीव आकडा पाच हजारांचा. म्हणजे दहा हजारांचा स्लॉट वाचवण्यासाठी पाच हजारांचे पोर्ट खर्ची घालायचे. त्यात केबलला पाय अडकला तर पोर्ट मुळासकट हलते. २००७ साली मायक्रो-यूएसबीचे मानक आले तेव्हा रचनाकारांनी स्प्रिंगा उपकरणातून काढून केबलच्या टोकात नेल्या. झिजेल ती केबल, वाचेल तो फोन. बॅबिटच्या बुशला अखेर न्याय मिळाला.

कार्ड कधीच न काढणेही निर्धोक नाही, ही यातली सर्वांत अनपेक्षित बाब. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने लांब पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींच्या बेअरिंगवर खळगे पडलेले आढळले. चाके फिरलीच नव्हती. रुळांच्या बारीक हादऱ्यांनी धातू जागच्या जागी घासला गेला होता. या झिजेला इंग्रजीत ‘फ्रेटिंग’ म्हणतात, आणि १९२०च्या दशकात टॉमलिन्सन यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला होता. मोटारींच्या विजेच्या जोडण्यांनाही हीच व्याधी ग्रासते. पुणे-नाशिक महामार्गावरील ट्रकच्या काचेला चिकटवलेल्या डॅशकॅममध्ये मायक्रोएसडी कार्ड महिनोन्महिने हलत नाही. पण गाडी हलते, आणि पट्टा व स्प्रिंग यांच्यात केसाहून कमी अंतराची घसट अखंड चालते. तिथे अधूनमधून कार्ड काढून परत बसवणेच उपकारक ठरू शकते. नवी घसट जुना मळ पुसते.

२०१२ साली कॅननने ५डी मार्क ३ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आणि एसडी असे दोन्ही स्लॉट दिले. जुन्या सुया आणि नव्या स्प्रिंगा एकाच झाकणाआड नांदू लागल्या. लग्नाच्या छायाचित्रकारांना त्याचा खरा लाभ झिजेसंबंधी नव्हताच: एकच फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरू लागला. एक स्लॉट रुसला तरी सप्तपदी दुसऱ्यात असते. आणि वाकलेली सुई? ती दुरुस्त करणारा कारागीर आजही भिंगाखाली बारीक चिमटा धरून तिला हळूहळू उभी करतो. मोडलीच, तर पन्नास टाके सोडवून अख्खे सॉकेट बदलतो.