कूपरेज : एका मैदानाची वाटचाल

मुंबईत १८९१ साली रोव्हर्स करंडक सुरू झाला, तेव्हा फुटबॉल हा मुख्यतः छावणीतला खेळ होता. पहिला करंडक वूस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनने जिंकला आणि पुढची चार दशके उलटली तरी तो गोऱ्या पलटणींकडेच राहिला. १९०२ मध्ये बॉम्बे फुटबॉल असोसिएशन आणि १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजेच ‘विफा’, स्थापन झाली. महर्षी कर्वे मार्गावरचे, ओव्हल मैदानालगतचे कूपरेज हे या संघटनेचे आणि तिच्या करंडकाचे घर ठरले.

भारतीय संघांना इथली वाट सोपी नव्हती. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीपुढे हरला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने पलटणींची मक्तेदारी मोडली. पुढच्याच वर्षी तो पुन्हा विजेता ठरला.

स्वातंत्र्यानंतरचे दशक हे कूपरेजचे वैभव. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी करंडक राखला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. या काळात इथल्या गर्दीत सिनेमातले तारेही बसत. दिलीपकुमार त्यांतले ठळक नाव.

मुंबईच्या फुटबॉलला खरा आधार दिला तो कंपन्यांनी. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने करंडक मुंबईतच ठेवला. टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, म्हणून घरची चूल पेटती ठेवून खेळता आले.  मुंबईत गिरणी आणि कामगार यांच्या नात्यात फुटबॉलही होता. साहजिकच कारखानदारी डळमळली तेव्हा खेळाचेही पाय लटपटले. २०००-०१ नंतर रोव्हर्स करंडक थांबला. २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एवढ्या जुन्या स्पर्धेची अशी अखेर व्हावी, हे मुंबईला शोभणारे नव्हते.

मैदान मात्र थांबले नाही. त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरली गेली आणि मुंबई एफसीने आय-लीगचे सामने इथे खेळले. मोठे सामने आता नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर किंवा अंधेरीत होतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे मुंबईकडचे सामने नवी मुंबईतच झाले.

मैदानाचा इतिहास मैदानातच जपता येतो. ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्क स्टेडियममध्ये २००१ पासून स्कॉटिश फुटबॉलचे संग्रहालय आहे. माँटेव्हिडिओच्या सेंतेनारिओ स्टेडियममध्ये, जिथे १९३० चा पहिला विश्वचषक रंगला, तिथेही आहे. तशा दालनाचा मान कूपरेजलाही साजेल. पलटणींचे करंडक, बंगलोर आणि हैदराबादचे विजय, गिरण्यांचे संघ हे सगळे एका छताखाली मांडण्याइतका ऐवज इथल्या इतिहासात आहे.

हे मैदान पाहायचे तर चर्चगेट स्थानकापासून चालत जाता येते. शेजारी कूपरेज बँडस्टँडची बाग आहे. ‘विफा’चा कारभार आजही इथूनच चालतो.