गप्पा आणि गप्प

एका कान्याने अर्थ किती उलटावा, याला मराठीत 'गप्प' आणि 'गप्पा' या जोडीइतके चोख उदाहरण दुसरे नसावे. 'गप्प बसा' म्हटले की तोंड मिटायचे, 'गप्पा मारत बसा' म्हटले की उघडायचे. बसणे दोहींकडे सारखेच. आमच्या टेंभुर्णीकडे (सोलापूरच्या वाटेवरची नव्हे, जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली) पहिल्याचे काम एका 'प'वर भागते: 'गप ऱ्हाय'. द्वित्त गळाले की हा शब्द फारसी 'गप'शी हुबेहूब जुळतो. आणि फारसी 'गप' म्हणजे तर बोलणे. कोडे इथे सुरू होते.

'गप्पां'चा माग सोपा आहे. फारसीत 'गप' म्हणजे बोलणे, गोष्ट, कधी वायफळ बडबड. काबूलकडे हा शब्द आजही रोजच्या तोंडचा. गंमत त्याच्या क्रियापदात आहे. फारसीत गप 'करत' नाहीत, 'गप जदन' करतात, आणि 'जदन' म्हणजे मारणे. नुसते बोलणेसुद्धा तिथे 'हर्फ जदन', म्हणजे अक्षर मारणे. मराठीने नाम उसने घेताना शेजारचे क्रियापदही भाषांतर करून उचललेले दिसते. हाक, बोंब, शिट्टी, थाप हे सारे मारण्याचे प्रकार त्याच साच्यातले, की मराठीचा आपलाच 'मारणे' आधीपासून इतका हरकामी होता, हे ठरवणे अवघड. एवढे मात्र खरे की हा साचा अजून शिळा झालेला नाही. मोबाइल आल्यावर 'मेसेज मार' आले, मागोमाग 'रिपोर्ट मारला' आणि 'ब्लॉक मारला' आले. बोलणेही मारायचे आणि बोलणाऱ्याला बंद करणेही मारायचेच. फारसीतल्या त्या पहिल्या गप्पिष्टाला आपले क्रियापद कुठवर जाणार आहे याची कल्पना नसावी.

'गप्प' मात्र सहजी हाती लागत नाही. उमेदवार तीन दिसतात. एक ध्वन्यनुकारी: 'गपकन गिळले' यातला जबडा मिटल्याचा आवाज. दुसरा दक्षिणेकडचा: उत्तर कर्नाटकाच्या कानडीतही 'गप्प' बसतात, पण कोणी कोणाकडून घेतला याची पावती सीमेवर कोणी ठेवत नाही. तिसरा संस्कृत: गुप्त, प्राकृतात गुत्त किंवा गुप्प, मग 'गुपचूप'मधला गुप, आणि उकाराचा अकार होऊन गप. यातला उकार कसा गेला हे समाधानकारक सांगता येत नाही. तरी माझा ओढा या तिसऱ्याकडे आहे, कारण त्याच्या पोटात एक गोष्ट दडली आहे.

'गुप्' या धातूचा मूळ अर्थ लपवणे नव्हे, राखणे. आणि हा धातू तरी मूळचा का? 'गोप' म्हणजे गाई राखणारा. त्या नामावरूनच मागाहून धातू पाडला असावा, असे भाषापंडित मानतात. म्हणजे गुराख्यापासून 'राखणे' आले, राखलेले ते गुप्त, जे राखायचे ते झाकायचे म्हणून गुप्त म्हणजे लपलेले, आणि लपलेले ते निःशब्द. राखण, झाकण, मौन. समाजमाध्यमांवर मजकुरावर देखरेख करणाऱ्यांचे समर्थन ऐकले तर तेही याच पायऱ्यांनी उतरते. आम्ही गप्प करत नाही, राखण करतो. आणि हे अगदीच खोटे नाही. एखाद्या मुलीचा चोरून काढलेला फोटो किंवा मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा झाकली जाते, तेव्हा तो गुराखीच असतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी तसल्याच अफवेने पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्या दिवशी तो गुराखी कुठेच नव्हता. पण हल्ली एक युक्ती अशीही निघाली आहे की लिहिणाऱ्याला आपला मजकूर दिसत राहतो आणि बाकी कोणाच्या नजरेस तो फारसा पडत नाही. त्याला 'गुप्त' याहून नेमका शब्द नाही, फक्त राखले कोणाला ते कळत नाही.

गप्प बसलेल्याला उठवणारी वाणी आपल्याकडे जुनी आहे, आणि योगायोगाने तिच्यात आमच्या गावाचे झाड आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात हरून आलेला, अंथरुणाला पाठ लावून पडलेला संजय नावाचा राजपुत्र आणि त्याची आई विदुला यांचा संवाद कुंती कृष्णाला सांगते. कोंड्याच्या आगीसारखा नुसता धुमसू नकोस, क्षणभर का होईना तिंदुकाच्या कोलितासारखा पेट, असे विदुला म्हणते. तिंदुक म्हणजे तेंदू, टेंभुर्णी; ज्याच्या पानांत विडी वळतात ते. याच्या जळत्या लाकडातून ठिणग्या तडतडत उडतात, म्हणून तिला हे झाड आठवले असावे. मग 'टेंभा' आणि 'टेंभुर्णी' एकाच घरचे का? तिंदुकातला 'द' जाऊन 'भ' यावा याला नियम सापडत नाही, तेव्हा घाईने 'होय' म्हणू नये. पण उपमा बघता नाही म्हणायलाही मन घेत नाही.

आमचे टेंभुर्णी गाव १९४८ पर्यंत निजामाच्या हद्दीत, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते (जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी). त्यामुळे बोलणे अडवण्याचा इथला शब्द पुण्यामुंबईसारखा 'राजद्रोह' नव्हता, 'गश्ती' होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निघालेले 'गश्ती निशान ५३' मराठवाड्याच्या जुन्या पिढीच्या तोंडी शिवीसारखे असे: आधी सरकारची परवानगी, मग सभा. 'निशान' म्हणजे इथे क्रमांक, आणि 'गश्ती' म्हणजे फिरती. फारसी 'गश्तन', फिरणे, वळणे. त्यातून पहारेकऱ्याची 'गस्त' आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरणारा हुकूम तो 'गश्ती'. आपल्या 'परिपत्रका'तला 'परि' तोच फेरा घालतो. पण खरी मजा पुढे आहे. फारसी 'गश्तन'चे वर्तमानरूप 'गर्द-', आणि आरंभीच्या 'ग'खाली जुना 'व' आहे. म्हणजे हा आपल्या 'वृत्-वर्तते'चा सख्खा चुलतभाऊ. वृत्त, वृत्तान्त, वृत्तपत्र ही सगळी त्याच 'वृत्'ची लेकरे. बातमी देणारे वृत्तपत्र आणि तोंड बंद करणारी गश्ती एकाच आजोबांची नातवंडे निघावीत, हे व्युत्पत्तीच्या नादी लागल्याशिवाय कळले नसते. (पानिपतातली 'भाऊगर्दी' आणि निवडणुकीच्या तिकिटासाठी होणारी भाऊगर्दी यातली 'गर्दी'ही याच 'गर्द'ची.)

गश्तीच्या त्या काळात, १९३७ साली, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन आमच्याच आताच्या जिल्ह्यात परतूरला भरले. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. १९४८ च्या ऑगस्टमध्ये 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान यांना हैदराबादेत रझाकारांनी ठार केले. भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत. 'इमरोज' म्हणजे 'आज'. आणि 'रझाकार'? 'रझा' म्हणजे राजीखुशी, संमती. आपण शाळेत-कचेरीत मागतो ती 'रजा' हीच. रझाकार म्हणजे आपखुशीने काम करणारा, स्वयंसेवक. सरकारी गश्तीला निदान निशान होते, क्रमांक ५३. या आपखुशीच्या हाताला तेही नव्हते.

गळा दाबण्याचा खास मराठी शब्द 'मुस्कटदाबी'. त्याच्या आसपास तीन शब्द घोटाळतात आणि लोक त्यांची बेमालूम सरमिसळ करतात. 'मुसके' म्हणजे मळणीच्या किंवा कोळपणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात ती जाळी. 'मुस्कट' म्हणजे तोंड, तेही मारण्यालायक. 'मुस्कटात देऊ का' असे म्हणतात, 'सुंदर मुस्कट' असे कोणी म्हणत नाही. आणि 'मुसक्या' या तोंडाच्या नाहीतच. पोलिस चोराच्या मुसक्या आवळतात त्या मागे खेचून बांधलेल्या हातांच्या. हिंदुस्तानीत 'मुश्कें बाँधना' हा प्रयोग आहे आणि तिथे मुश्क म्हणजे दंड, बाहू. पहिल्या दोघांना 'मुख'कडे नेण्याचा मोह होतो. पण कानडीत 'मुसुडी' म्हणजे थोबाड आणि 'मुसुकु' म्हणजे पांघरूण, तेलुगूत 'मुसुगु' म्हणजे बुरखा. हे बघितल्यावर ही मंडळी गोदावरीच्या दक्षिणेकडून आलेली असावीत असे वाटते. मुसक्याचा हेतू मात्र सरळ असतो. शेतकऱ्याचे बैलाच्या तोंडाशी वैर नाही, त्याला उभे पीक वाचवायचे असते. बायबलच्या जुन्या करारात तर मळणीच्या बैलाचे तोंड बांधू नये अशी आज्ञाच आहे: जो राबतो त्याने दोन घास खावेत. समाजमाध्यमांवर रोज फुकट मळणी करणारे आपण सगळे; या आज्ञेचे काय, हे त्यांच्या धन्यांना विचारायला हवे.

आता कायद्याच्या कागदावर येऊ. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्यावर, आपण मराठीत म्हणतो तसे, 'वाजवी निर्बंध' ठेवले. 'वाजवी' हे विशेषण तिथे मूळचे नव्हते, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने ते आले. या दोन्ही शब्दांवर थांबण्यासारखे आहे. 'निर्बंध'चा संस्कृतातला अर्थ हट्ट, आग्रह. नवख्याने 'निर्दोष, निर्धास्त' यांच्या चालीवर फोड केली तर 'ज्याला बंध नाही ते' असाही निघेल. मराठीत मात्र तो बंधनच झाला. 'वाजवी' अरबी 'वाजिब'चा. इस्लामी धर्मशास्त्रात माणसाच्या कृतींचे वर्ग लावतात: वाजिब, म्हणजे केलेच पाहिजे ते, हराम, म्हणजे करताच कामा नये ते, आणि मध्ये कुठेतरी 'मुबाह', ज्याचे पुण्य नाही आणि पापही नाही. हाच मुबाह आपला 'मुभा' असावा. म्हणजे 'बोलायची मुभा आहे' आणि 'निर्बंध वाजवी आहेत' ही दोन्ही वाक्ये एकाच काझीच्या वहीतून उचललेली. त्या वहीत वाजिब कडक आहे. मराठीत येईपर्यंत तो 'वाजवी दरात मिळेल' इतका नरम झाला. 'हक्क' मुभेहून वेगळा: अरबीत 'हक' म्हणजे सत्य आणि अधिकारही. 'मीच हक' असे म्हटल्याबद्दल मन्सूर हल्लाजला ९२२ साली बगदादेत देहदंड झाला, अशी त्याची कीर्ती आहे.

'बंद'चे एक प्रकरण आपल्याकडचे. फारसी बंद आणि संस्कृत बंध मुळात एकच. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, तो बंद कशासाठी असे पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने त्याला लाइक केले, आणि दोघींना अटक झाली. तेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ हे कलम होते. त्रास, 'गैरसोय' अशा कारणांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद. गैरसोय! अरबी 'गैर' आणि आपली 'सोय' यांचा हा संसार एरवी बस चुकली की आठवायचा. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले, शब्द संदिग्ध आहेत म्हणून. त्याच निकालात असेही सांगितले की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला तर मध्यस्थ कंपनीने मजकूर काढावा, कोणाच्याही तक्रारीवरून काढलाच पाहिजे असे नाही. पण कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीला हा निकाल लागत नाही, आणि बहुतेक मजकूर जातो तो त्या नियमावलीने.

तो जातो कसा, हे व्याकरण सांगते. 'पोस्ट उडाली.' मराठीत 'उडणे' अकर्मक आणि 'उडवणे' सकर्मक. डोके उडवले, पैसे उडवले, म्हणणे उडवून लावले: प्रत्येक ठिकाणी उडवणारा कोणी आहे, त्याला तृतीया आहे. 'उद्' आणि 'डी' मिळून झालेले हे उड्डाण पाखराचे. पाखरू आपणहून उडते. पोस्ट आपणहून कशी उडेल? तरी 'उडवली' असे क्वचित ऐकू येते, कारण कर्ता माहीतच नाही: माणूस, यंत्र, की शेजारच्या गल्लीतून रिपोर्ट मारणारे दहा जण. गश्तीवर सही असे आणि तिच्याविरुद्ध परतूरला जमता येई. मला त्या सहीची उणीव टोचते.

जिथे कर्ता दिसतो अशी एकच जागा उरली, व्हॉट्सॲपचा ग्रुप आणि त्याचा ॲडमिन. लॅटिनमध्ये याचे मूळ सेवा करण्याचे आहे. 'मिनिस्टर' म्हणजे सेवक, हे मंत्रालयात सांगून पाहावे. गावातली माणसे मात्र त्याला पाटील समजतात. पाटील हा जुन्या ताम्रपटांतला 'पट्टकिल' असावा, म्हणजे ज्याच्या हाती पट्ट, लेखी दप्तर, तो. ॲडमिनच्या हाती काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितले की सभासद घेणे आणि काढणे एवढाच त्याचा तेव्हा अधिकार होता. दुसऱ्याने काय लिहावे यावर त्याचा आधी ताबा नसतो, म्हणून समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुराचा गुन्हा त्याच्या माथी येत नाही.

माणूस काढणे ही सत्ता जुन्या 'वाळीत टाकण्या'च्या जवळची. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, पण 'वाळीत'चा पत्ता अजून पक्का नाही. एक 'वाळणे' सुकण्याचे, दुसरे जातीबाहेर घालण्याचे. दुसऱ्याला 'वारणे', म्हणजे हटवणे, याच्याशी जोडावे तर 'र'चा 'ळ' सोडवावा लागतो. पहिल्याशी जोडावे तर पाणी तोडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, आणि चित्र फार चांगले जुळले की मला व्युत्पत्तीचा संशय येतो. माझे मत तूर्त 'वारणे'ला. बीड-परभणीकडे याचे एखादे निराळे रूप चालत असेल, तर ते या गाठीत कामाला येईल.