मॉडेल ट्रेनच्या डब्यातले दिवे लुकलुकतात का? आधी हे तपासा

हौसेने मॉडेल ट्रेनच्या डब्यात दिवे बसवले, खोलीत अंधार केला आणि गाडी सोडली. इंजिन मस्त धावतंय, पण डब्यातले दिवे सारखे लुकलुकतायत. अशा वेळी अनेकजण लगेच एलईडी बदलतात. पण दोष बहुतेक वेळा दिव्यात नसतोच. तो असतो दिव्यापर्यंत वीज पोहोचण्याच्या वाटेत.

वीज डब्यात येते कशी?

एचओ हे मॉडेल ट्रेनचं लोकप्रिय प्रमाण. यात खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराची गाडी असते आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. इथे दोन रूळ म्हणजे विजेच्या दोन तारा. वीज रुळातून धातूच्या चाकात, तिथून धातूच्या पट्टीत आणि मग दिव्यात जाते.

अनेक डब्यांत पुढची चाकं एका रुळावरून वीज घेतात, मागची दुसऱ्या. त्यामुळे डब्याला आठ चाकं असली, तरी प्रत्येक रुळावर कामाची चाकं दोनच. तिथे धूळ आली की वाट तुटते. इंजिन जड असतं आणि क्षणभराचा खंड वेगाच्या जोरावर पार करतं. एलईडी मात्र लगेच विझतो.

दोष कसा शोधायचा?

- एकाच जागी सगळे डबे लुकलुकतात? दोष रुळात आहे.
- एकच डबा सगळीकडे लुकलुकतो? दोष त्या डब्यात आहे.
- डबा उलटा करा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक चाकाला आणि दुसरं दिव्याच्या तारेला लावा. चाक हळू फिरवा. बीप तुटला, तर दोष सापडला!

दुरुस्ती कोणत्या क्रमाने?

१. सफाई. वीज बंद करून रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ते पेट घेतं, त्यामुळे पूर्ण वाळल्यावरच वीज सुरू करा. पॉलिश पेपर टाळा. त्याच्या ओरखड्यांत पुन्हा मळ साचतो.

२. चाकं. प्लास्टिकची चाकं वीज घेत नाहीत, धातूची बसवा. आसामार्फत वीज घेणाऱ्या डब्यात दोनपैकी एकच चाक आसापासून इन्सुलेट केलेलं असतं. नव्या जोडीची दिशा जुनीसारखीच ठेवा. एक जोडी उलटी बसली तरी शॉर्टसर्किट होतं.

३. पट्टी. वाकलेली किंवा काळी पडलेली पट्टी साफ करा किंवा फॉस्फर ब्राँझची नवी लावा. ती चाकाला हलकीच टेकली पाहिजे. जास्त दाबली तर ब्रेकसारखं काम करते आणि लांब गाडी चढावर अडते. जमल्यास आठही चाकांवरून वीज घ्या.

४. वजन. हलका डबा रुळावर नीट टेकत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचं वजन १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावं. म्हणजे १० इंची डब्याला ६ औंस, साधारण १७० ग्रॅम.

मग कपॅसिटर कशाला?

हे सगळं करूनही सांधे बदलताना एखादा क्षण वीज तुटू शकते. तेवढ्यासाठी कपॅसिटर. आधी ब्रिज रेक्टिफायर, मग कपॅसिटर. १२ व्होल्टपर्यंत भरलेल्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर पाव सेकंदात दाब फक्त अडीच व्होल्टने उतरतो. डोळ्याला ते फारसं जाणवत नाही.

कपॅसिटर २५ व्होल्टचा घ्या. धन-ऋण टोकं उलटी जोडू नका, तो फुटू शकतो. डिजिटल कंट्रोलवर अनेक कपॅसिटर एकदम भरायला लागले, तर यंत्रणेला ते शॉर्टसर्किट वाटू शकतं. म्हणून प्रत्येकाला १०० ओहमचा रेझिस्टर जोडा.

पण कपॅसिटर पहिल्याच दिवशी लावू नका. तो दोष दुरुस्त करत नाही, फक्त झाकतो. मळ वाढत राहतो आणि काही आठवड्यांनी दिवे पुन्हा लुकलुकायला लागतात. आधी वाट साफ करा, कपॅसिटर शेवटी!